तारीख लंडनची, वेळ पुण्याची

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. कंटाळा नव्हता, राग होता. रागात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी स्वतःलाच वाचवत नाही, म्हणून थांबलो होतो. आता राग जरा निवलाय, पण मत तेच आहे. तेव्हा मंडळी, आजचा मजकूर थोडा तिखट लागेल. चहा घेऊन बसा.

मत एका वाक्यात सांगतो. तारीख आणि वेळ यांचं टेक्स्ट करणं, म्हणजे फॉरमॅटिंग, हे आपल्या धंद्यात सगळ्यात हलक्यात घेतलं जाणारं काम आहे, आणि त्या हलगर्जीपणाचे पैसे आपण भरत नाही, दुसरंच कोणीतरी भरतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. ती ओळ मीच लिहिली होती.

झालं असं. आमच्याकडे हजेरीचं एक सॉफ्टवेअर आहे. बायोमेट्रिक मशीनवरून पंच येतात, आमचं जावास्क्रिप्ट त्यांची महिन्याची यादी बनवतं, आणि त्या यादीवर पगार निघतो. पायलट म्हणून ते आमच्याच कँपसच्या सिक्युरिटीला लावलं. गार्ड लोकांच्या तीन पाळ्या: आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ. दोन महिने सगळं सुरळीत. मग एका सकाळी गेटवरच्या मामांनी मला थांबवलं. "साहेब, ते मशीनचं तुम्हीच बनवलंय ना? माझे दर महिन्याला चार दिवस का कापतात ते जरा बघा की." सुपरवायझरने त्यांना सांगितलं होतं की तुम्ही पंच विसरता, रात्री झोपा काढता. मामांनी खिशातून एक छोटी डायरी काढली. त्यात रोजची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ पेनाने लिहिलेली. एक दिवस चुकलेला नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? "मशीन खोटं बोलत नाही मामा." लाज वाटते, पण बोललो असं. संध्याकाळी कोड उघडला आणि पाचव्या मिनिटाला कानशिलं तापली.

प्रत्येक पंचासाठी मी दोन टेक्स्ट बनवत होतो. तारखेसाठी टू-आयएसओ-स्ट्रिंग आणि त्यातली पहिली दहा अक्षरं. वेळेसाठी टू-लोकेल-टाइम-स्ट्रिंग. वस्तू एकच, पण पहिलं फंक्शन यूटीसीमध्ये बोलतं आणि दुसरं मशीनच्या स्थानिक वेळेत. म्हणजे माझ्या यादीत तारीख लंडनची होती आणि वेळ पुण्याची! भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच यांच्यामध्ये काहीही घडलं की ती पहिली दहा अक्षरं कालची तारीख सांगतात. दिवसा दहा ते सात काम करणाऱ्या इंजिनिअरला हे जन्मात दिसणार नाही.

आता गंमत बघा (गंमत कसली). मामांची सुट्टी रविवारी. सोमवारी रात्री १२:०४ ला आत आले, तो पंच माझ्या यादीत रविवारी गेला. सकाळी ८:०६ ला बाहेर पडले, तो मात्र बरोबर सोमवारी. मंगळवारी १२:०५ चा आत-पंच पुन्हा सोमवारी. झालं, सोमवारच्या ओळीत एक आत, एक बाहेर, वजाबाकी आठ तास. हिरवी खूण! आत-पंच मंगळवारचा आणि बाहेर-पंच सोमवारचा, पण मी वजाबाकी टेक्स्टवरच केलेली, त्याला काय पत्ता? असं शुक्रवारपर्यंत सगळं छान. शनिवारचा आत-पंच शुक्रवारात गेलेला, आणि पुढचा आत-पंच थेट सोमवारचा, तो जाणार रविवारात. म्हणजे शनिवारच्या ओळीत नुसतं बाहेर. आतच नाही. "पंच चुकला", सबब गैरहजर. रविवारच्या ओळीत नुसतं आत, पण सुट्टी असल्यामुळे कोणी बघत नाही.

आठवड्याला एक दिवस. महिन्याला चार, कधी पाच. रात्रपाळीचे नऊ जण, दोन महिने. हिशेब केला तर सत्तरेक दिवसांचा पगार माझ्या त्या एका ओळीने खाल्ला होता. आणि ज्यांचा खाल्ला, त्यांनाच वर ऐकवलं गेलं की झोपा काढता.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील की चूक तुझी, त्यात भाषेचा काय दोष, टेस्ट का नाही लिहिल्या? मान्य, चूक माझीच. टेस्टही लिहिल्या होत्या. सगळ्या टेस्टमध्ये माणूस सकाळी साडेनऊला येतो आणि साडेसहाला जातो. माझ्यासारखा. रिव्ह्यू करणाऱ्याने "फॉरमॅटिंगचं आहे ना, ठीक आहे" म्हणून अंगठा दाखवला, आणि मीही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. माझा मुद्दा हाच आहे. आपल्या डोक्यात फॉरमॅटिंग म्हणजे रंगरंगोटी. घर बांधून झालं, आता डिस्टेंपर मारा. नवीन पोरगं आलंय, त्याला द्या हे काम. प्रत्यक्षात तारखेचं टेक्स्ट करताना तुम्ही एक निर्णय घेत असता: हा क्षण कोणाच्या दिवसात मोजायचा? हा निर्णय रंगाचा नाही, पायाचा आहे. आणि भाषा तो निर्णय तुमच्या वतीने गुपचूप घेऊन टाकते.

भाषांचं म्हणाल तर त्यांच्या घराण्यातच हे दुखणं आहे. मूळ पुरुष सी. त्यात महिने शून्यापासून अकरापर्यंत, तारीख मात्र एकपासून, आणि वर्ष म्हणजे १९०० पासून किती वर्षं झाली तो आकडा. पर्लने हे जसंच्या तसं उचललं. लोकांनी त्या आकड्याच्या पुढे हौसेने "१९" चिकटवलं, आणि २००० सालच्या १ जानेवारीला कित्येक वेबसाइटींवर वर्ष झळकलं १९१००. मी तेव्हा चड्डी सांभाळायच्या वयाचा होतो, पण त्याच संस्कारांचं कर्ज पुढे फेडतोय. जावास्क्रिप्ट १९९५ साली घाईघाईत बनली तेव्हा तिने तारखेचा क्लास जावाकडून उसना घेतला. जावावाल्यांना दोन वर्षांत, १.१ आवृत्तीत, त्यातल्या बहुतेक फंक्शनांची लाज वाटली आणि त्यांनी ती "वापरू नका" म्हणून जाहीर केली. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ती अजून नांदताहेत. जानेवारी म्हणजे शून्य, हे आजही खरं आहे. उसनं घेतलेलं परत करायची आपल्याकडे पद्धत नाही ना!

त्याच क्लासचा आणखी एक नमुना. वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख हायफन घालून टेक्स्टमध्ये दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरतात. त्याच्या पुढे वेळ जोडली आणि झोन लिहिला नाही तर ती स्थानिक धरतात. हायफनऐवजी तिरकी रेघ मारली तर क्रोममध्ये नुसती तारीखसुद्धा स्थानिक होते. रेघ आडवी की तिरकी यावर साडेपाच तास! पीएचपीचं याहून भारी. तिथे स्ट्र-टू-टाइमला १२/०५/२०२४ दिलं तर ५ डिसेंबर, आणि १२-०५-२०२४ दिलं तर १२ मे. हे त्यांच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, लपवलेलं नाही. तिरकी रेघ अमेरिकन, आडवी रेघ युरोपियन. आपल्याकडे बँकेची स्लिप भरताना दोन्ही रेघा सर्रास चालतात, त्याचं काय?

बरं, ही चूक ओरडून सांगत नाही, हे खरं दुखणं. १३ तारखेपासून पुढे महिना चुकला की प्रोग्रॅम आपटतो, कारण तेरावा महिना नाही (आपल्याकडे अधिक महिना असतो म्हणा, पण तो पंचांगात). १ ते १२ मध्ये तो बिनबोभाट उलटा वाचतो. दर महिन्याला बारा तारखा अशा, त्यातली एक दोन्हीकडून सारखीच, म्हणजे अकरा. वर्षाला १३२ दिवस असे आहेत की दिवस आणि महिना उलटा झाला तरी कोणाला कळणार नाही. वर्षाच्या एक तृतीयांशाहून जास्त!

मग ती अक्षरं. एसटीआरएफटाइममध्ये लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. मोमेंट, जावा वगैरे मंडळींत मोठा एम महिना आणि लहान एम मिनिटं. पीएचपीमध्ये लहान एम महिना, मोठा एम म्हणजे "जॅन, फेब" असं नाव, आणि मिनिटांना अक्षरच उरलं नाही म्हणून आय. एकाच प्रोजेक्टमध्ये मागे पायथन आणि पुढे जावास्क्रिप्ट असेल (कुठे नसतं?) तर माणसाचा हात चुकणारच. महिन्याच्या जागी मिनिटं छापलेली फाइलींची नावं मी स्वतः बघितली आहेत. आणि बॅकअपची स्क्रिप्ट रोज पहाटे दोन वाजून पाच मिनिटांनी चालत असेल तर सगळं वर्ष मे महिनाच.

वर्षाच्या अक्षराची गोष्ट आणखी बेरकी. आयएसओच्या आठवड्यांच्या हिशेबात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या वर्षात त्याचा गुरुवार पडतो त्या वर्षाचा तो मानतात. त्यासाठी वेगळं वर्ष आहे आणि त्याला वेगळं अक्षर आहे: एसटीआरएफटाइममध्ये मोठा जी, पीएचपीत लहान ओ, जावात मोठा वाय. नेहमीच्या वर्षाऐवजी चुकून ते पडलं तर वर्षभर काही फरक दिसत नाही आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोनतीन दिवसांत अचानक पुढचं वर्ष लागतं. २९ डिसेंबर २०१४ ला ट्विटरच्या सर्व्हरांनी २०१५ साल सांगायला सुरुवात केली आणि अँड्रॉइडवरचे लोक धडाधड लॉगआउट झाले, त्यामागे हाच प्रकार असल्याचं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीत होतं तर आपण कोण, असं म्हणून सुटता येतं. मला मात्र उलट वाटतं. तिथे लोक लॉगआउट झाले, पुन्हा लॉगइन झाले. मामांचे चार दिवस असे एका क्लिकवर परत आले नाहीत.

आता "त्यात काय, सगळं यूटीसीत ठेवा" म्हणणाऱ्या ज्येष्ठांकडे वळतो. हा मंत्र मीही चार वर्षं जपला. घडून गेलेल्या क्षणासाठी तो बरोबर आहे: लॉग, पेमेंट, पंच. पण जन्मतारीख हा क्षण नाही. ती नुसती तारीख आहे. तिला झोन नसतो. तुम्ही तिला मध्यरात्रीचा क्षण बनवून यूटीसीत टाकलंत की ती आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा होते, आणि पुढच्या कोणीतरी पहिली दहा अक्षरं कापली की माणूस एक दिवस आधी जन्मतो. मग दोन कागदांवरच्या जन्मतारखा जुळत नाहीत, आणि खिडकीवर उभ्या आजोबांना कोणी सांगत नाही की बाबा, तुमचं काही चुकलं नाही, आमचं स्लाइस चुकलंय. अमेरिकेतल्यांचं उलटं होतं: टेक्स्टवरून वाचताना यूटीसीची मध्यरात्र, आणि न्यूयॉर्कमध्ये दाखवताना आदली संध्याकाळ. आपण बनवताना मरतो, ते वाचताना मरतात.

आयएसटी ही तीन अक्षरं लिहून "झोन लिहिलाय की" म्हणणारेही आहेत. ती तीन अक्षरं भारताची, इस्राएलची आणि आयर्लंडचीही. पोस्टग्रेस डेटाबेसला काही न सांगता आयएसटी दिलं तर तो इस्राएल समजतो, यूटीसीच्या दोन तास पुढे. भारतासाठी त्याला वेगळी सेटिंग द्यावी लागते. अधिक पाच-तीस असं आकड्यात लिहा. आरएफसी ३३३९ मध्ये २००२ पासून हेच सांगून ठेवलंय.

पायथनवाले गालात हसत असतील. हसू नका. तुमच्याकडे पायटीझेडची लायब्ररी घेऊन आशिया/कोलकाता हा झोन थेट कन्स्ट्रक्टरमध्ये दिला की पाच-तीसऐवजी पाच-त्रेपन्न येत असे. का? तर डेटाबेसात त्या नावापुढची सगळ्यात जुनी नोंद म्हणजे कलकत्त्याची स्थानिक सूर्यवेळ, आणि ती पहिली म्हणून तीच उचलली जायची. तेवीस मिनिटांचा फरक बघून लोक डोकं खाजवत बसायचे. झोनइन्फो पायथनमध्ये यायला २०२० उजाडलं. यूटीसी-नाउ हे फंक्शन झोन नसलेली वेळ देतं, म्हणजे नाव यूटीसी आणि कपाळावर काही लिहिलेलं नाही. ते सोडा असं अधिकृतपणे सांगायला २०२३ लागलं. (बाय द वे, या कलकत्ता वेळेसारखी मुंबईचीही आपली वेळ होती. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तेव्हा एखाद्याला "किती वाजले" विचारलं तर "कोणाचे?" असं उत्तर मिळत असेल. माझ्या मते ते उत्तर जास्त प्रामाणिक होतं.)

आणि मराठीचा अभिमान असेल तर हेही ऐका. ब्राउझरला मराठी-भारत लोकेल देऊन तारीख छापायला सांगितली तर आकडे देवनागरीत येतात. हिंदीला तसं होत नाही, तिथे रोमन आकडे येतात. मला हे फार आवडतं. पण एका पठ्ठ्याने ती छापलेली तारीख तिरक्या रेघेवर फोडून परत आकडे काढायचा कोड लिहिला होता. जावास्क्रिप्टला "१५" हा आकडा वाटत नाही, ती "नॉट अ नंबर" म्हणते. पायथन बिचारा "१५" ला पंधरा मानतो. बग नोंदवणाऱ्याने काय लिहावं? "मराठी लोकेल काढून टाका." दोष देवनागरीचा नाही हो! माणसासाठी छापलेलं टेक्स्ट तू मशीनला परत का खायला घालतोस? वाढलेलं ताट पुन्हा पातेल्यात ओतायचं का?

माझं म्हणणं म्हणाल तर फार मोठं नाही. तारखेचं टेक्स्ट व्हावं ते अगदी शेवटी, माणसाच्या डोळ्यासमोर, आणि तेव्हा झोन आणि लोकेल दोन्ही तोंडाने सांगून. मधल्या रस्त्यात टेक्स्ट लागलंच तर वर्ष आधी, चार आकडी, आणि ऑफसेट सोबत. क्षण वेगळा, नुसती तारीख वेगळी, आणि "पुण्याच्या घड्याळात सकाळी नऊ" ही तिसरीच गोष्ट. या तिघांना एकाच पोत्यात कोंबू नये. जावास्क्रिप्टच्या नवीन टेम्पोरलमध्ये या तिघांना अखेर वेगवेगळी नावं मिळाली आहेत, फायरफॉक्समध्ये ते २०२५ साली आलं. तीस वर्षं लागली, पण आलं. लायब्ररी वापरा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की मोमेंटच्याच लोकांनी २०२० साली नव्या कामासाठी मोमेंट घेऊ नका म्हणून सांगितलं. आणि मूळ प्रश्न, हा दिवस कोणाचा, तो कुठलीच लायब्ररी विचारत नाही. मला तरी कोणी विचारला नव्हता.

तो मी मामांना विचारला. दुरुस्ती करायच्या आधी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटलं, मामा, सोमवारी रात्री बाराला तुम्ही येता, ती हजेरी तुम्ही डायरीत कुठल्या वारी लिहिता? म्हणाले, "रविवारची रात्र. घरून रविवारीच निघतो ना मी, जेवण करून." म्हणजे त्यांच्या हिशेबात सोमवारचा पंच रविवारचाच होता, माझ्या चुकीच्या कोडसारखा! फरक एवढाच की ते आत आणि बाहेर दोन्ही रविवारात लिहीत होते, आणि मी एक पाय या दिवसात आणि एक त्या दिवसात ठेवला होता. आजीचा दिवस सूर्योदयाला सुरू व्हायचा, यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो, मामांचा घरून निघाल्यावर. कॅलेंडरचा तेवढा मध्यरात्री.

शेवटी दुरुस्ती तारखेच्या फॉरमॅटमध्ये झालीच नाही. पाळीची तारीख असा वेगळा रकाना केला, जो ड्यूटी लावतानाच भरला जातो, आणि आत-बाहेरची वजाबाकी टेक्स्टवर न करता क्षणांवर केली. टेस्टमध्ये आता एक माणूस १२:०४ ला येतो. जुन्या दोन महिन्यांची यादी पुन्हा काढली, कापलेले पैसे पुढच्या पगारात मिळाले. सुपरवायझरने माफी मागितली की नाही ते माहीत नाही. मी मागितली. मामा म्हणाले, "असू द्या साहेब, मशीनच ते." मी म्हटलं, मशीन नाही मामा, मी.

परवा सहज म्हणून कंपनीच्या बाकीच्या कोडमध्ये ती पहिल्या दहा अक्षरांची ओळ शोधली. अजून चौदा ठिकाणी आहे. त्यातली दोन पगाराशी संबंधित. सोमवारी त्या टीमशी भांडायचंय. डायरीच्या पानांचे फोटो मामांना विचारून घेऊन ठेवलेत.